पाणी अपेय आहे

सर, तुम्हाला लिहायचं म्हटलं की आधी भीतीच वाटते, कारण तुम्ही मजकुराच्या आधी वेलांट्या बघणार. तुम्हाला जाऊन दहा-अकरा वर्षं झाली, तरी ‘तुम्हाला’मधला ‘म्ह’ मी आत्ता दोनदा तपासला. मी तुमच्या मराठीच्या तासाला खिडकीजवळ बसायचे. अब्बूंचं स्टेशनजवळ टायर-पंक्चरचं दुकान, घरात दखनी, शाळेत इंग्लिश, आणि मराठी फक्त रस्त्यावर आणि तुमच्या तासाला. एवढ्यावरून मी आठवेन की नाही माहीत नाही, इतकी पोरं शिकवलीत तुम्ही. पण तुमचा एक शब्द मी या सीझनला नदीकाठी मोठ्या अक्षरांत टांगला, आणि त्याचं जे झालं ते मला कुणाला धड सांगता येत नाहीये. ज्यांना सांगितलं ते हसले. सुरुवातीला मीपण हसले होते.

आपल्या शाळेत मराठी म्हणजे डबा खाल्ल्यानंतरचा तास. सगळे पेंगत असायचे. आवारात मराठी बोललं की मॉनिटर फळ्याच्या कोपऱ्यात नाव लिहायची, आणि मग तुम्ही आत यायचात आणि त्याच फळ्यावर, त्या नावांच्या शेजारी, ‘समानार्थी शब्द’ असं लिहायचात. एकदा कुणीतरी विचारलं, “सर, नावं पुसू का?” तुम्ही म्हणालात, “राहू दे. खाली माझंही लिही.” प्रिन्सिपल मॅडमशी बोलताना तुमची फार ओढाताण व्हायची. “मॅडम, आय ॲम, म्हणजे, टेकिंग द चिल्ड्रन…” आम्ही मागं उभ्या राहून एकमेकींना चिमटे काढायचो. मी जरा जास्तच काढायचे, कारण माझं इंग्लिश वर्गात सगळ्यात चांगलं होतं.

नववीत तुम्ही ‘मी नदी बोलते आहे’ हा निबंध दिलात. मी गाइडमधून उतरवला. सह्याद्रीच्या कुशीत माझा जन्म झाला, मी खळखळ वाहते, वगैरे. अक्षर छान, समास सोडलेला, त्यामुळं मला नऊ मार्कांची खात्री होती. वही परत आली तर मार्कांच्या जागी फक्त ‘कुठे?’ असं लिहिलेलं. मी विचारायला टेबलाजवळ आले. तुम्ही सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं विचारलंत, “काय गं, आपली भीमा खळखळ वाहते? कधी ऐकलीस?”

मी टेबलावरची वही मिटली.

“पुलावरून गेलीस ना कधी? काय वास येतो?”

“गंदा,” मी म्हणाले. वर्ग हसला.

“मग तसं लिही की. नदीच्या तोंडात अत्तर कशाला घालतेस?”

मी बाथरूममध्ये जाऊन रडले, सर. तुम्हाला माहीत नसेल. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला काचेची एक बरणी दिलीत. लोणच्याची, घासून आणलेली, तरी झाकणाला हिंगाचा वास होताच. “यात नदीचं पाणी आण, खिडकीत ठेव, बघत राहा, आणि मग लिही.” अब्बू मला स्कूटरवर बसवून घाटावर घेऊन गेले. “क्या बेटी, ये पानी इस्कूल ले जाती? टीचर पीता क्या?” ते वाटभर हसत होते. बरणी माझ्या बाकाशेजारी खिडकीत राहिली. आधी राखाडी, मग खाली गाळ बसला आणि वरचं साफ दिसायला लागलं. तुम्ही म्हणालात, याला म्हणतात पाणी निवळणं. मग वर पातळ रंगीत साय आली, त्याला म्हणतात तवंग. मग सगळंच हिरवं झालं, आणि एका सोमवारी झाकण थोडं सैल राहिलं आणि वर्गात बसवेना. प्रिन्सिपल मॅडम आल्या. “हूज इज दिस?” मी उठणार होते. माझे पाय उठायला लागलेही होते. तुम्ही पटकन म्हणालात, “माइन, मॅडम. माय बॉटल.” तुमच्या तोंडून न अडखळता आलेलं तेवढंच इंग्लिश मी ऐकलंय. त्यांनी तुम्हाला आमच्यासमोर झापलं आणि तुम्ही खाली बघत उभे राहिलात, आणि मी उठले नाही. निबंध मी परत लिहिला. तुम्ही दहापैकी सात दिलेत, तीन शुद्धलेखनाचे कापलेत.

आज मी पुण्यात एका लॅबमध्ये पाणी तपासायचं काम करते, ते त्या बरणीमुळं. इंटरव्ह्यूला विचारलं होतं की या फील्डमध्ये का यावंसं वाटलं. मी बरणीची गोष्ट सांगितली. फक्त त्यात तुम्हाला सायन्सचे सर केलं. ‘माय सायन्स टीचर’ असं सरळ तोंडातून गेलं. मराठीच्या सरांनी पाणी तपासायला लावलं असं सांगितलं असतं तर त्यांना ते गमतीदार वाटलं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

नोकरी सांभाळून रविवारी आम्ही नदीचं काम करतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी केंदूरची एक मैत्रीण, आणि कधीकधी आणखी दोघं-तिघं. मी पुण्याहून सकाळच्या गाडीनं केडगावला उतरते, ती तिकडून बाइकवर येते. भीमेच्या काठानं ठरलेल्या जागा आहेत. अलीकडं दौंड, पलीकडं शिरूर, मध्ये नदी आणि नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा. वरून बघितलं तर कुणाला वाटेल शेतच आहे. आम्ही बाटल्या भरतो, मीटर बुडवतो, लिहून घेतो. लोकांना गंमत वाटते. एका घाटाच्या वर एका आप्पांचा ऊस आहे. ते आम्ही दिसलो की लांबूनच ओरडतात, “आल्या का नमुनेवाल्या! घ्या, घ्या. नमुना घ्यायला नमुनंच लागत्यात!” मैत्रीण पण त्यांना सोडत नाही. “आप्पा, एक बाटली तुमची पण भरू का? तपासून देते.” “माझी कशाला भरती, माझ्यात निस्ता च्या हाय.”

त्याच घाटाच्या खाली या हिवाळ्यात ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या पडल्या. पाचट आणि प्लास्टिकच्या दहा-बारा झोपड्या, बैल, चुली, आणि दिवसभर माणसं फडात. मुकादमाचा टँकर येतो, पण तो त्याच्या मनात असेल तेव्हा. आला नाही की बाया नदीवर येतात. कपडे, भांडी आणि प्यायचंही. तिथलं पाणी दिसायला वाईट नव्हतं. जलपर्णी तेवढ्या जागी वाऱ्यानं बाजूला सरलेली, पाणी निवळलेलं, तळाचा दगड दिसायचा. आमच्याकडं एक छोटी बाटली असते, आत औषधाची पट्टी. पाणी भरून दोन दिवस उबेत ठेवायचं. पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर ते काळं पडतं. त्या घाटाची बाटली पहिल्याच दिवशी डांबरासारखी झाली. मी लगेच ग्रुपवर टाकलं, ‘वी मस्ट वॉर्न पीपल.’ बोर्ड लावू. मराठीत. मजकूर मी लिहिते. मी स्वतःहून म्हणाले, सर. मैत्रीण मराठी मीडियमची, तिला कुणी विचारलंच नाही.

मी रात्री बसून दोन ओळी लिहिल्या. फोनवर शोधलं, घासूनपुसून नीट केल्या. ‘सूचना : येथील नदीचे पाणी अपेय आहे. जिवाणूंचे अस्तित्व आढळल्याने सेवन टाळावे.’ ‘अपेय’ फोननं सुचवला नव्हता. तो मला आठवला. फळ्यावर तुम्ही पेय लिहायचात, त्याच्यापुढं एक मोठा ‘अ’ काढायचात, आणि म्हणायचात, “बघा, एका अक्षरात अख्खं पाणी फिरलं.” पूर्ण-अपूर्ण, शक्य-अशक्य, पेय-अपेय. मला तो शब्द फार आवडला होता, एकदम गणितासारखा. त्याचा दुसरा अर्थ तुम्ही सांगितला असणारच. अपेयपान म्हणजे दारू पिणं, पोरं हसली असतील, मागच्या बाकावरून कुणीतरी ग्लास उचलायची ॲक्शन केली असेल. मला काही आठवत नाही. मी बहुतेक खिडकीतून बाहेर बघत असेन.

केडगावच्या फ्लेक्सवाल्या दादानं विचारलंसुद्धा. “ताई, अपेय म्हंजी?”

“न पिण्यासारखं.”

“मग तसंच टाकतो की. पिऊ नका.”

“नाही, हेच टाका. शुद्ध आहे ते.”

“तुमी शिकलेल्या. एखादं चित्र टाकू का? लोकांना चित्र कळतं.” त्यानं कंप्युटरवर शोधून एक ग्लास टाकला, त्यावर लाल फुली. ग्लास दांड्याचा होता, हॉटेलात असतो तसा. मला ते प्रोफेशनल वाटलं.

बोर्ड लागला आणि आठवड्याच्या आत गावाच्या ग्रुपवर फोटो फिरायला लागला. ‘भीमेत अपेय सापडले! सेवन टाळावे म्हणतात, आपण काय टाळणार नाय!’ खाली हसायचे इमोजी. कुणीतरी बोर्डाच्या खांबाला दोन रिकाम्या क्वार्टर सुतळीनं बांधल्या, तोरणासारख्या. मैत्रिणीनं मला फोटो पाठवला आणि लिहिलं, ‘अगं, आपला बोर्ड दारूबंदीचा झाला.’ तेव्हा मला तो अर्थ कळला. लाज वाटली, पण हसूही आलं. मी तोच फोटो लॅबमधल्यांना पाठवला. बोर्ड बदलायला पाहिजे असं आम्ही दोघी म्हणालो. पुढच्या वेळी बदलू म्हणालो. त्या रविवारी कुणाचं तरी लग्न होतं.

त्याच्या पुढच्या रविवारी गेलो तेव्हा कोप्यांत एक म्हातारी तेवढी होती, चुलीपाशी. मी विचारलं, आज बाया दिसत नाहीत नदीवर. म्हणाली, “फडात हायती. आन् त्या कडंच्या कोपीतल्या पोरीला दवाखान्यात नेलंय. निस्तं पानी जातंय वरनं आन् खालनं. कालपास्नं डोळं उघडत न्हाई.”

मैत्रिणीनं बाइक सरळ सरकारी दवाखान्याकडं वळवली. पोरगी पाच-सहा वर्षांची असेल. कॉटवर इतकी कमी जागा घेत होती की आधी मला ती दिसलीच नाही, चादरीची वळकटी वाटली. डोळे खोल गेलेले, ओठांवर पांढरं. सिस्टर तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडत होत्या, आणि ती खाली जात नव्हती, तशीच उभी राहत होती. दोन्ही हातांना शीर मिळेना म्हणून सलाइन पायाला लावलेलं. आई खाली फरशीवर बसलेली, माझ्याच वयाची, हातावर उसाच्या पात्यांचे ओरखडे. सिस्टरांनी तिला विचारलं, “पाणी कुठलं पिता?” ती म्हणाली, “नदीचं.”

आणि मी म्हणाले, “अहो, पण तिथं बोर्ड लावलाय ना एवढा मोठा!”

असं, सर. ‘एवढा मोठा’ म्हणताना मी हात पसरून दाखवले.

तिनं माझ्याकडं बघितलं. “त्यो दारूचा व्हय?”

“दारूचा?”

“आमाला वाचाया येत न्हाई. त्या उसाच्या आप्पांचं पोरगं चाललं व्हतं, त्याला इचारलं मी. त्यो म्हनला, हितं दारू प्यायला बंदी हाय. चित्र बी हाय गिलासाचं. आमचं मानूस पीत न्हाई ताई, माळकरी हाय. मग आमी कशाला बघतोय त्याच्याकडं. आमी तर पानी भरतो.” मग ती थोडी थांबली. “त्यात पान्याचं बी लिवलं व्हतं का?”

मी हो म्हणून मान हलवली.

“मग चुकलं ताई आमचं,” ती म्हणाली. “नीट इचाराया पायजे व्हतं.”

मी म्हणाले, “असू दे.”

मी तिला माफ केलं, सर. तिची पोरगी समोर तशी पडलेली आणि मी मोठ्या मनानं म्हणते, असू दे. माझी मैत्रीण माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघितलं नाही. त्या दिवशी आम्ही संध्याकाळपर्यंत तिथं बसलो. मी ओआरएस आणलं, बिस्किटं आणली, डॉक्टरांशी इंग्लिशमध्ये बोलले. डॉक्टर म्हणाले, किडनीवर गेलं नाही तर वाचेल, लघवी होऊ दे, मग सांगतो. आम्ही सगळे त्या एका गोष्टीची वाट बघत बसलो. आई मधूनमधून चादरीखाली हात घालायची आणि कोरडा हात बाहेर काढायची. तिच्यासोबतच्या बाईला ती माझ्याबद्दल सांगत होती, “लई चांगल्या हायती ताई, वळख ना पाळख.” मी ऐकत होते.

पुण्याला परतताना गाडीत मला तुमचं घर आठवलं. दहावीत वक्तृत्वासाठी भाषण पाठ करायला मी एकदा आले होते. काकू माहेरी गेलेल्या. तुम्ही स्वयंपाकघरात चहा टाकत होता आणि मला ओट्याशेजारी स्टुलावर बसवलं होतं. तेवढ्यात शिरूरकडून तुमच्या आईंचा फोन आला. तुम्ही फोन खांद्यात धरला, गाळणं हातात, आणि एकदम वेगळ्याच आवाजात बोलायला लागलात. “व्हय, खाल्लं. न्हाई, एकलाच हाय. साळंतलं लेकरू आलंय, त्याला च्या करतुया. मेंढराला वसद दिलं का?” माझं तोंड उघडंच राहिलं. मराठीचे सर, आणि न्हाई म्हणतात, व्हय म्हणतात, औषधाला वसद म्हणतात, लेकरू आलंय म्हणतात! फोन ठेवल्यावर तुम्ही माझं तोंड बघितलंत आणि हसलात. “काय गं, दचकलीस? ही घरातली. तुला शिकवतो ती शाळेतली. तुझ्याही दोन आहेत की, नाही, तीन आहेत.” मग कप माझ्यासमोर ठेवून म्हणालात, “पण आईशी मी शाळेतली बोललो तर ती म्हणेल, पोरगं आजारी हाय का काय.” मी ही गोष्ट दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितली. तुमची नक्कल करून. ‘मेंढराला वसद दिलं का’ हे पुढं वर्षभर चाललं, तुम्ही फळ्याकडं वळलात की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं. पहिल्यांदा ऐकलंत तेव्हा खडू थांबला होता. तुम्ही वळून बघितलं नाहीत. कुणी सांगितलं असेल ते तुम्हाला कळलंच असणार, कारण स्टुलावर मी एकटीच होते.

पोरगी वाचली. रात्री लघवी झाली. आईनं कुणाच्या तरी फोनवरून मैत्रिणीला कळवलं, मैत्रिणीनं मला. मी रडले, आणि मग बारा तास झोपले. पाण्यामुळंच झालं असं मी लॅबच्या भाषेत सिद्ध करू शकत नाही. शिळं खाल्लं असेल, हात नसतील धुतले. मी हे स्वतःला पुष्कळ वेळा सांगून बघितलं. पण माझ्या टेबलावर ती काळी बाटली होती. मी ती टाकली नव्हती, आणि ती काळी पडली तेव्हा ती पोरगी चांगली होती.

मध्ये एक आठवडा गेला. त्या आठवड्यात मी तीन वेळा ठरवलं की सांगायचं नाही. पोरगी बरी झालीये, आता तिच्या आईला कशाला आणखी त्रास, असं मी मैत्रिणीला फोनवर म्हणाले. ती म्हणाली, “त्रास तिला होणारे का तुला?” आणि मग म्हणाली, “तू नाही सांगितलंस तर मी सांगीन. आणि मी तुझ्याइतकं गोड नाही सांगणार.”

मग मी गेले. एकटीच. कोपीच्या तोंडाशी चूल, चुलीवर तवा, ती भाकरी थापत होती. पोरगी शेजारी पोत्यावर बसून उसाचं कांडं चोखत होती, अजून मान बारीक, पण डोळे परत जागेवर आलेले. मला बघून तिनं कांडं पाठीमागं लपवलं. आई हसली. “डाक्टरीन समजती तुमाला. बसा ताई.”

मी बसले नाही. उभ्यानंच म्हणाले, “तो बोर्ड मी लिहिलाय.”

“कंचा?”

“नदीवरचा. पाणी पिऊ नका असं सांगायचं होतं मला. मी अवघड शब्द लिहिला, त्याचा अर्थ दारू असा पण होतो. आप्पांच्या मुलाची चूक नाही. तुमची तर नाहीच नाही. दवाखान्यात तुम्ही चुकलं म्हणालात, तेव्हा मला माहीत होतं. मी बोलले नाही.”

ती भाकरी थापायची थांबली. हाताचं पीठ तसंच. तव्यावरची भाकरी करपायला लागली ती तिनं उलटली नाही. मग म्हणाली, “म्हंजी तुमी लिवलं, आन् तुमालाच म्हाईत न्हाई काय लिवलं ते?”

“हो.”

“आन् मी त्या दवाखान्यात म्हनतीया चुकलं.”

“हो.”

तिनं भाकरी तव्यावरून काढून बाजूला टाकली, काळी झालेली. माझ्याकडं न बघता म्हणाली, “माझी पोरगी गेली असती तर मी जलमभर हेच म्हनली असती. माझंच चुकलं म्हून.” ओरडली असती तर बरं झालं असतं. नवीन गोळा घेतला, परातीत ठेवला, आणि थापायला लागायच्या आधी विचारलं, “बरं. त्ये पानी न्हाई प्यायचं. मग पिऊ काय? त्ये लिवलंय का कुटं?”

मला ते सुचलंच नव्हतं, सर. एवढ्या दिवसांत एकदाही नाही. आम्ही बाटल्या भरत होतो, रीडिंग घेत होतो, ग्रुपवर टाकत होतो, बोर्ड लावत होतो. टँकर आला नाही तर या बाया दुसरं काय पिणार, हे मी कुणाला विचारलं नव्हतं. मी तिथून वर आप्पांकडं गेले. आप्पा मोटारीपाशी बसलेले. मी सगळं सांगितलं, त्यांचं पोरगं, बोर्ड, दवाखाना. ते नेहमीसारखं काहीतरी बोलतील म्हणून मी थांबले, पण ते चेष्टा करेनात. म्हणाले, “माझ्या बोरचं न्यायला काय झालंय त्यास्नी? इचारलंच न्हाई कुनी.” त्या बायांना वाटत होतं, मालक ओरडेल. आप्पांना वाटत होतं, त्यांना टँकर येतो. मी बोरच्या पाण्याची बाटली भरली आणि दोन दिवस उबेत ठेवली, काळी पडली नाही. आता लाइट असेल तेव्हा बाया वर येतात, पोरं पाइपाखाली नाचतात आणि आप्पा मोटारीपाशी बसून “सांडू नका रं” म्हणून ओरडतात. नवा बोर्ड मैत्रिणीनं लिहिला. ‘हे पाणी पिऊ नका. पोट बिघडतं. प्यायचं पाणी वर आप्पांच्या बोरवर.’ फ्लेक्सवाला दादा म्हणाला, “आता कसं!” आणि बोर्ड लावून आम्ही तिथंच थांबलो नाही, प्रत्येक कोपीत जाऊन तोंडानंही सांगितलं. मी सांगत होते आणि मैत्रीण मध्येमध्ये माझी मराठी सोपी करत होती.

हे पत्र तुमच्या कुठल्याच पत्त्यावर जाणार नाही. काकू शिरूरला असतात असं ऐकलंय, पण त्यांना हे वाचायला लावणं बरं नाही. मी हे फोनमध्येच ठेवणार आहे. फक्त एक राहिलं.

ज्या दिवशी तो पहिला बोर्ड लागला, त्या दिवशी मी त्याचे फोटो काढले. खूप काढले. ते ग्रुपसाठी नव्हते. ग्रुपवर मैत्रिणीनं काढलेला गेला. मी काढत होते ते तुमच्यासाठी. इतका शुद्ध मराठी बोर्ड, एकही वेलांटी चुकलेली नाही, आणि मध्ये तुमचा शब्द. तुम्ही आज असतात तर पाठवला असता, आणि तुम्ही यावेळी तीन मार्क कापले नसते, असं मी खरंच मनात म्हणत होते. परवा फोनमधली जागा भरली म्हणून मी जुने फोटो पुसत बसले, तर त्यातला पहिला दिसला. त्यात बोर्डाच्या उजवीकडं एक बाई आहे, कमरेवर हंडा, आणि तिच्या पदराला धरून एक पोरगी. दवाखान्यातल्याच त्या दोघी, बोर्डाकडं बघतायत. पुढच्या फोटोत त्या नाहीत. मला एकदम आठवलं. मी तिला म्हणाले होते, “ताई, जरा बाजूला होता का? फोटोत येताय.” आणि ती हसून बाजूला झाली होती, थोडी खाली गेली होती आणि तिथं हंडा भरला होता. हे मी तिला सांगितलेलं नाही.